माफीची रेघ

यॉर्कटनच्या उत्तरेला, बार्लीची कापणी उरकल्यावर,
ओरेस्ट ह्नातियुक खाली उभा आहे, टोपी हातात,
आणि मी वर, चौथ्या टप्प्यावर, कमरेचा पट्टा अडकवून
चिंधीने एकेक वेल्ड पुसते आहे.

साठ फुटांचा टॉवर. अ‍ॅल्युमिनियमचा. तीन पायांचा.
शहात्तर साली त्याने आणि ओल्हाने उभा केला
दोर, कप्पी आणि शेजाऱ्याचा ट्रॅक्टर लावून.
"गंज नाही!" तो खालून ओरडतो. "दाखव एक तरी डाग!"
खरं आहे. सेहेचाळीस हिवाळे खाऊन
हा फक्त जरासा मळकट झालाय,
रोज दूध तापवायच्या पातेल्यासारखा.

पण गंज हा प्रामाणिक रोग आहे, दिसतो तरी.

पोलादाचं बरं असतं.
ताण एका रेघेखाली ठेवला तर ते रोज झुकतं,
रोज सरळ होतं, आणि म्हणतं,
झालं गेलं गंगेला मिळालं.
अ‍ॅल्युमिनियमपाशी ती माफीची रेघच नाही.
अर्धं बोट डावीकडे, अर्धं बोट उजवीकडे,
जमा.
पुन्हा अर्धं बोट.
जमा.

वादळांच्या तारखा ओरेस्टला पाठ आहेत.
त्र्याऐंशीची गारपीट, शेजारच्या कोठाराचं छप्पर उडालं तो जून.
त्यांतलं काहीच इथे फारसं लिहिलेलं नसावं.
टॉवर शिणतो तो कुठल्याशा मंगळवारच्या वाऱ्याने,
ज्या वाऱ्यात माणसं कपडे वाळत घालतात
आणि नळ्या हलकेच गुणगुणतात.
ओल्हाला ते गुणगुणणं आवडायचं, तो सांगतो.
खिडकी उघडी ठेवायची ती. त्याशिवाय झोप येत नसे.

मी काही बोलत नाही.
ते गुणगुणणंच तर.

तांबडा रंग फवारला. वीस मिनिटं थांबले.
पुसला. वर पांढरी भुकटी मारली.
आणि त्या पांढऱ्यातून हळूच वर आली
केसाएवढी तांबडी रेघ, वेल्डच्या अगदी कडेने,
जिथे जोडतानाच्या आचेने धातू कायमचा मऊ पडला होता.
म्हणजे सांधला तिथेच.

"किती दिवस?"
"माहीत नाही. हा आधी वाकून सांगत नाही."
"आजची रात्र?"
मी आभाळाकडे पाहिलं. पानही हलत नव्हतं.
"घराच्या त्या बाजूला झोपणार असाल तर."

तो झोपलाच नाही.
ट्रकच्या सीटवरून मला ऐकू येत होतं
उघड्या खिडकीतून त्याचं मोर्स, टिक टिक टिकटिक,
एकदा होबार्ट लागलं म्हणाला, एकदा नुसतीच खरखर.
एक्केचाळीस हजार माणसांशी बोललाय हा.
सगळी वहीत आहेत, वेळेसकट, शाईच्या पेनने.
वाऱ्याची वही मात्र कुणीच ठेवली नव्हती,
या नळीखेरीज.

सकाळी क्रेन आली. दहाला टॉवर आडवा,
बार्लीच्या खुंटांवर, अचानक केवढा तरी लांब.
मी तो पाय करवतीने कापला, भेग उघडून दाखवली.
आत बारीक वळणं, एकाभोवती एक,
भरती ओसरल्यावर वाळूवर राहतात तशी,
समुद्रापासून इतक्या लांब.

त्याने तिकिटांचं भिंग आणलं.
चष्मा कपाळावर सरकवला.
"दोन हजार नऊ कुठे असेल?"
ओल्हा त्या वर्षी गेली.
"असं वाचता येत नाही," मी म्हणाले.
"ही झाडाची वर्षं नव्हेत. एक वळण म्हणजे
एक रात्रही असेल, नाहीतर सगळी नव्वदी."

"हो, हो," तो म्हणाला,
आणि नखाने एकेक वळण मागे सारत
मोजत राहिला.
क्रेनवाल्याने दोनदा हॉर्न वाजवला.